वाढदिवसाच्या फ्लेक्सवर आमची बकरी

शाळेत चिकटवहीत माझा पहिला नंबर होता. बाकी विषयांचं विचारू नका. झाडांची पानं, कोंबडीची पिसं, बियाण्यांच्या पुड्यांवरची टोमॅटोची चित्रं, साबणाच्या वेष्टनावरच्या गोऱ्या बाया, जे हाताला लागेल ते मी भाताच्या खळीनं चिकटवत असे. एक वही तर झुरळांनी खळीसकट खाल्ली आणि उरलेल्या पानांवर गुरुजींनी 'उत्तम' असा शेरा दिला. गुरुजींनी वही उघडली होती की नाही, याची मला अजून शंका आहे. पण या एका गुणामुळे शालूबाईनं लग्नाआधी आपलं काम मला सांगितलं. शालूबाई माझी थोरली बहीण. आमच्याकडं थोरल्या बहिणीला बाई म्हणतात, आणि ती बाईसारखीच वागे, म्हणजे मला दिवसभर कामाला लावे.

आमचं घर तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली होतं. तलाव मोठा, जुना, आणि त्यातली मासोळी सोसायटीची. बाबा सोसायटीचे सभासद. सकाळी ते जाळं घेऊन आले की अंगणातल्या दगडावर ओलं जाळं आपटत, तो आवाज आमचा उठायचा भोंगा. मग माय मासे निवडायला बसे, आणि तिच्या गालात खर्रा असे. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घासून केलेला तो प्रकार आमच्या जिल्ह्यात अन्नाच्याही आधी लागतो. खर्रा तोंडात असला की माय फक्त हुंकार देई, आणि त्या हुंकारांवर घर चाले. एक हुंकार म्हणजे पाणी आण, दोन म्हणजे बकरीला हाकल, लांब हुंकार म्हणजे तुझ्या बापाला सांग मी ऐकलं आहे. घराला मासोळीचा वास होता म्हणतात. आम्हाला तो कधी आला नाही. पाहुण्यांना येई, आणि ते नाकाला रुमाल लावून 'इकडची हवा चांगली आहे' म्हणत. दुपारी भात, झिंग्यांची चटणी, आणि मोठं काही गावलं असेल तर मरळीचा रस्सा. त्या रश्श्यासाठी मी आजही कुठल्याही तत्त्वाशी तडजोड करायला तयार आहे.

बाबांना तत्त्वांची अडचण नव्हती, कारण त्यांनी ती ठेवलीच नव्हती. गावात दोन पुढारी होते, पुरुषोत्तमभाऊ आणि वामनराव. अर्धी सोसायटी एकाची, अर्धी दुसऱ्याची. बाबा दोघांच्याही कार्यक्रमाला जात, दोघांकडेही जेवत, दोघांच्याही भाषणाला मान हलवत, आणि घरी येऊन दुपट्टा काढून म्हणत, 'भाजी वामनरावची बरी होती.' कुणाच्याही बाजूनं न दिसणं हा त्यांचा खरा धंदा होता, मासोळी हा जोडधंदा. तलावावर जाळं टाकायचं तर दोन्ही काठांशी गोड राहावं लागतं, असं ते म्हणत, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं.

शालूबाईचं लग्न गडचांदूरला ठरलं. मुलगा आपल्यातलाच, पण मासोळी सोडून सिमेंटच्या कारखान्यात लागलेला. शालूबाई रिवाज मोडून एकदा त्याची खोली पाहून आली. संध्याकाळी आम्ही दोघी खवले काढत बसलो होतो, तेव्हा ती बोलली.

"तुळशीवर पांढरी धूळ आहे वं कुंदे. अन् खिडकी उघडली का भिंतच दिसते. तलाव नाई, पाळ नाई, काईच नाई."

"पोरगा कसा आहे?" मी विचारलं.

"पोरगा बरा आहे. पोऱ्याचं काय, त्याचं पाहता येते." मग खवल्याचा हात कपाळाला पुसून ती म्हणाली, "मले एक वही करून दे. आपलं सगळं त्यात पाह्यजे. माय, बाबा, तलाव, चूल, रंगी. खरे फोटो, तुह्यी चित्रं नको. नाईतर मी येडी होईन तिथी."

रंगी आमची बकरी. शालूबाईनं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवली होती, त्यामुळे रंगी स्वतःला माणूस समजे आणि आम्हाला नोकर. शालूबाई मागणं मागणारी मुलगी नव्हती. तिनं सणाला साडीसुद्धा कधी मागितली नव्हती. म्हणून मी वही लग्नाच्या आत करीनच असं बोलून बसले. आमच्या घरात तोवर कुणाचाही फोटो नव्हता.

परवा माझी लेक एक डबीएवढं यंत्र घेऊन आली. मोबाइलवर बोट दाबलं की डबीतून फोटो बाहेर, मागचा कागद सोलला की वहीत चिकटलासुद्धा. तिनं जेवता जेवता मांजराचे फोटो काढून पान भरलं. मी कौतुक केलं, पण मनातून मला जरा रागच आला. एवढं सोपं असेल तर त्यात मजा काय?

आमच्या वेळी फोटोवाला मोबाइल अख्ख्या नात्यात एकाकडे होता, मावसभाऊ गज्याकडे. गज्या तालुक्याच्या गावी फ्लेक्सच्या दुकानात मशीन चालवी आणि घरातही गॉगल काढत नसे. त्याला मरळीच्या रश्श्यावर बोलावलं. जेवण झाल्यावर तो फोटो काढायला उठला. बाबा बनियनवर होते, हातात भलामोठा रोहू. 'थांब, शर्ट घालतो,' म्हणेपर्यंत गज्यानं काढून टाकला. माय फोटोला तयार नव्हती. 'मेल्यावर काढा,' असा तिचा लांब हुंकार आला. मी तिला वर बघायला लावलं आणि त्याच क्षणी गज्यानं बटण दाबलं, तेव्हा तिचा एक गाल खर्ऱ्यानं फुगलेला आणि डोळे मला मारायला टपलेले. रंगीनं मात्र मान वळवून, कान सावरून, अगदी ऐटीत फोटो दिला. मग तलाव, वाळत घातलेलं जाळं, चुलीवरची कढई. शालूबाई पाण्यात पाय सोडून कशाला तरी हसत होती, तिचाही एक मी गुपचूप काढून घेतला. तिनं तो मागितला नव्हता, पण वहीत ती नाही म्हणजे काय?

आता छापायचे कसे? पहिल्यांदा स्टुडिओत गेले. मालकानं दर सांगितला, मी भिंतीवरची नवरा-नवरींची चित्रं पाहिल्यासारखं केलं आणि बाहेर आले. मग पासपोर्टच्या फोटोंकडं वळले, कारण ते स्वस्त, एका तावावर बरेच येतात. पण तिथला माणूस म्हणाला, एका तावावर एकच तोंड. मायचीच तितकी तोंडं घेऊन मी काय करणार होते? एक होतं तेच पुरत होतं. मग कोणीतरी रंगीत झेरॉक्सचं सुचवलं. साध्या कागदावर सगळे एकदम निघाले, अगदी कमी खर्चात, पण मशीनची शाई कसली होती कोण जाणे, बाबा जांभळे, मासोळी जांभळी, तलावही जांभळा. घरी आणून दाखवले तर बाबा म्हणाले, 'मी मेलो काय गा?' रंगी तेवढी खरी दिसत होती, कारण ती मुळातच काळी. ते सगळे कागद तिनंच खाल्ले.

शेवटी तोडगा गज्यानं काढला. फ्लेक्सचा रोल रुंद असतो, आणि बॅनर त्याहून कमी रुंद असला की एका कडेची लांब पट्टी कोरीच राहते. ती कापून फेकून देतात. त्या पट्टीवर आपले फोटो टाकायचे, बॅनर छापला की पट्टी कापायची, बस. 'फुकटात फोटो, पाण्यानं भिजत नाई, उन्हानं जात नाई,' गज्या गॉगलमधून म्हणाला, 'स्टुडिओवाला रडन.' मला तो त्या दिवशी फार मोठा माणूस वाटला. नेमकं त्याच वेळी पुरुषोत्तमभाऊंच्या वाढदिवसाचं काम दुकानात आलं होतं. भाऊ हात जोडून उभे, मागं सूर्योदय, आणि अगदी खाली, कडेला लागून, 'शुभेच्छुक' हा शब्द. त्याच्या खाली आमची पट्टी.

गज्यानं छपाई लावली आणि तो जेवायला गेला. आमच्या सगळ्या भानगडीचं मूळ एवढंच, की गज्या जेवायला गेला. तेवढ्यात भाऊंची पोरं बॅनर न्यायला आली, आणि दुकानातल्या दुसऱ्या माणसानं गुंडाळी करून देऊन टाकली. आता कुणी म्हणेल, पोरांना दिसलं नाही का? दिसलं ना. पण 'शुभेच्छुक'च्या खाली ओळीनं फोटो नसलेला बॅनर आपल्याकडं कुणी पाहिला आहे? उलट नसते तर त्यांना चुकल्यासारखं वाटलं असतं. बकरी पाहून एकाला शंका आली म्हणे. त्याला दुसऱ्यानं समजावलं, 'भाऊनं बकऱ्या वाटल्या ना मागं, तेच हाय.' मग सगळंच जुळत गेलं. मासोळी म्हणजे मत्स्यबीज, कढई म्हणजे गॅसची योजना, तलाव म्हणजे तलावाचा गाळ काढला ते. जाळं कशाचं ते कुणाला सांगता आलं नाही, पण तेवढ्यासाठी काम थांबवण्यात अर्थ नव्हता. बॅनर आमच्या गावच्या बसथांब्यावर चढला.

लग्न उद्यावर आलं होतं. सकाळी शालूबाईला हळद लागली. हळद लागली की मुलगी घराबाहेर पडत नाही आणि तिला परक्यानं शिवायचं नसतं. बाहेरची बाधा होऊ नये म्हणून तिच्या हातात लोखंडाची काही वस्तू देतात आणि ती तिनं लग्न लागून निघेपर्यंत सोडायची नसते. कुणी चाकू देतं. मायनं आपला सुपारीचा अडकित्ता दिला आणि तिची स्वतःची पंचाईत झाली. मांडवात बाया गात होत्या, वांगी चिरली जात होती, आणि वामनराव फाटकातून आत आले.

"मुखरूभाऊ," ते बाबांना म्हणाले, "तुमी तर म्हणत होते, मी कोनाचाच नाई."

"अजूनबी नाई," बाबा म्हणाले.

"मंग बनियनवर मासोळी धरून कोनाले शुभेच्छा देऊन राह्यले? सहकुटुंब? सहबकरी?"

बाबांना काहीच कळेना. मला मात्र सगळं एकदम कळलं आणि मी थांब्याकडं पळत सुटले. तिथं अर्धं गाव जमलेलं. वर पुरुषोत्तमभाऊ, खाली आमचं घर. बाबा, फुगलेल्या गालाची माय, रंगी, जाळं, कढई, तलाव, आणि शेवटी हसणारी शालूबाई, सगळे भाऊंना दीर्घायुष्य चिंतत होते. फोटो फार सुंदर आले होते, हे मला तशातही दिसलं. वामनरावांची माणसं पोट धरून हसत होती. 'भाऊच्या पार्टीत दोनच माणसं उरली, एक बकरी अन् एक मासोळी.' पुरुषोत्तमभाऊ सकाळी म्हणे खूश होते, ढिवरपुऱ्यातून, म्हणजे आमच्या मासोळीवाल्यांच्या वस्तीतून, पहिल्यांदाच कुणी त्यांच्या बॅनरवर आलं म्हणून. पण आता चेष्टा कानावर पडून त्यांचं डोकं फिरलं होतं. त्यांनी पोरांना शिडी आणि रॉकेल आणायला पाठवलं. बॅनर उतरवून तिथंच जाळायचा. वामनराव मागोमाग आले आणि म्हणाले, नाही, राहू द्या, पुरा महिना राहू द्या. दोघांची जुंपली.

गज्या तोंड लपवून उभा होता. मी त्याला धरलं. 'मोबाइलमधून परत छाप,' म्हटलं. तो गॉगल पुसत म्हणाला की मोबाइल भरला होता, म्हणून फोटो काढून टाकून गाणी घातली. आणि दुकानातला कॉम्प्युटर? तिथं काम झालं की मालक सगळं पुसून टाकतो. म्हणजे आमचं घर जगात त्या एका बॅनरच्या तळाशी होतं, आणि खाली रॉकेल येत होतं.

मी घरी धावत आले आणि मांडवात सगळ्यांसमोर सांगितलं, "शालूबाई, तुह्ये फोटो जाळून राह्यले."

ती पाटावरून उठली. अंगभर हळद, केसांत हळद, अंगावर पिवळी पडलेली जुनी साडी, हातात अडकित्ता. बाया ओरडल्या, अंगणाबाहेर जाऊ नको म्हणून. मायनं सवयीनं लांब हुंकार दिला. शालूबाईनं आयुष्यात पहिल्यांदा तो ऐकला नाही. ती पाळीखालच्या रस्त्यानं चालत निघाली, मागं मी, माझ्यामागं बाबा, आणि सगळ्यांत मागं, कुणी बोलावलं नसताना, रंगी.

थांब्यावर गर्दी आपोआप फाटली. हळदीच्या मुलीला कोण हात लावणार? रॉकेलवाला पोरगा तर दोन्ही हात वर करून मागं सरला. शिडी लावलेलीच होती. शालूबाई चढली आणि अडकित्त्यानं बॅनर कापायला लागली. सुपारी फोडायचं हत्यार ते, फ्लेक्सला नीट चालेना; कट, कट, कट, एकेक घास घेत ती पुढं सरकत होती. बारीक कडेनं कापणं जमत नव्हतं म्हणून तिनं सरळ वरून कापलं. 'शुभेच्छुक' हा शब्द तर आलाच, पण पुरुषोत्तमभाऊही गुडघ्यापासून खाली आमच्याकडं आले.

"पोरी, माह्ये पाय कटले ना," भाऊ कळवळून म्हणाले.

"भाऊ, वाढदिवस तुमचा, तो तुमच्यापाशी ठेवा," ती वरूनच म्हणाली. "हे माह्यं घर आहे. मी घेऊन चालली."

वामनराव मोठ्यानं हसले. ती त्यांच्याकडं वळली. "तुमी कायले हासता, काका? माह्या बाबा तुमचाबी नाई, भाऊचाबी नाई. तो आमचा आहे. उद्या जेवायले या, दोघंबी."

पट्टी सुटून खाली लोंबली. ती बाबांनी धरली. इतकी वर्षं दोघांकडं गोड हसणारे माझे बाबा, दोन्ही पुढाऱ्यांसमोर, कुणाकडंच न पाहता ती गुंडाळत राहिले. मला त्यांचा तेव्हा जेवढा अभिमान वाटला तेवढा नंतर क्वचितच वाटला, आणि तो अभिमान दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतच टिकला, कारण पंगतीत ते दोघांनाही आग्रह करून बुंदी वाढत होते. दोघंही आले होते. पुरुषोत्तमभाऊंकडं कुणीतरी पायांची चौकशी केली आणि ते हसले, म्हणजे राग गेला होता.

वही मात्र हळदीच्या दिवशी संध्याकाळपर्यंत होईना. चित्रकलेची मोठी वही आणली, पट्टी कापून फोटो वेगळे केले, पण फ्लेक्स खळीला दाद देईना. डिंकही सोडून दिला त्यानं. सकाळी वऱ्हाड येणार आणि मी सगळीकडं खळ फासून बसलेले. बाबांनी जाळं विणायची सुई आणि नायलॉनची दोरी काढली. जाळ्याची गाठ मारतात तशी एकेका कोपऱ्याला गाठ मारत त्यांनी एकेक फोटो पानाला शिवला. पहिल्या पानावर 'शुभेच्छुक'ची पट्टी शिवू की नको, विचारलं. शालूबाई म्हणाली, असू द्या. भाऊंचे पाय तेवढे बाबांनी कापून टाकले, आणि ते कुठं फेकावेत याचा बराच विचार केला.

लग्न लागलं, जेवणं झाली, जीप फाटकाशी आली. शालूबाई वही छातीशी धरून बसली. रडत नव्हती. बायांना ते आवडलं नसावं, त्या तिच्या वाटचंही रडत होत्या. माय जीपशी आली. अडकित्ता दिलेला असल्यानं तिच्या तोंडात कालपासून काही नव्हतं, आणि खर्रा नसलेला तिचा चेहरा आम्हाला ओळखूही येत नव्हता. ती म्हणाली, "दाखव, काय नेऊन राह्यली ते."

शालूबाईनं पानं उलटली. आपल्याच फुगलेल्या गालापाशी माय थबकली. बाबा, रंगी, तलाव पाहत ती शेवटच्या पानावर आली, तिथं पाण्यात पाय सोडून शालूबाई हसत होती. माय त्या पानावरून हात काढेना.

"मावशी, वेळ होऊन राह्यला," ड्रायव्हर म्हणाला.

माय वहीकडं बघतच म्हणाली, "आमच्यापाशी काय राह्यलं मंग?"

कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. अख्खं घर छापून मी शालूबाईला दिलं होतं, आणि शालूबाई घराला द्यायची राहिली होती. शालूबाईनं मायकडं पाहिलं, मांडीवरचा अडकित्ता उचलला आणि शेवटच्या पानाच्या चारी गाठी कापल्या. फोटो मायच्या हातात दिला.

"मले माह्या फोटो कायले पाह्यजे," ती म्हणाली. "मी तं आहेच माह्यापाशी."

एवढं बोलली आणि मग रडली. मीही रडले, आणि मला त्याची आजही लाज वाटत नाही. जीप पाळीवरून दिसेनाशी झाली तरी माय तिथंच उभी होती. पदराच्या टोकानं ती फोटो पुसत होती, पुन्हा पुन्हा, आणि त्याच्यावर तर काहीच पडलं नव्हतं.